एका टेबलावर चौघं

देऊळघाटसारख्या गावात टेबल टेनिसचं टेबल आलं, तर ते एकच असणार आणि भोवती पोरं ढीगभर. अशा ठिकाणी दुहेरीचा खेळच सोयीचा. टेबल तेवढंच, २.७४ मीटर लांब, पण खेळणारे चार!

एप्रिल २०१८मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या सनिल शेट्टीनं हरमीत देसाईसोबत पुरुष दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं. रौप्यपदकही आपल्याच शरथ कमल आणि साथियनच्या जोडीनं आणलं. आपल्याकडे मात्र चर्चा झाली ती एकेरीची. हे मला कधीच पटलेलं नाही. दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीनंच चेंडू मारायचा असतो. फटका मारला की लगेच बाजूला सरकून सोबत्याला वाट द्यायची. जोडीत एक डावखुरा असेल तर ही धांदल निम्मी होते. नुसत्या ताकदवान मनगटावर इथे भागत नाही. पायांची समज लागते आणि ती रोजच्या एकत्र सरावानंच येते.

२००४नंतर ऑलिंपिकमधून गेलेली पुरुष दुहेरी २०२८मध्ये लॉस एंजेलिसला परत येतेय. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांनी या सत्रापासूनच जोड्या लावायला घ्याव्यात.