अनुदान हवे, बंधन नको!

शासनाचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांवर व रुग्णालयांवर नागरी हक्कांची बंधने घालणे म्हणजे त्यांच्या स्वायत्ततेवर घाला होय, असे प्रतिपादन एका विद्वान संस्थाचालकांनी नुकतेच एका व्याख्यानात केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संस्था उभारली आम्ही, दारोदार फिरून देणग्या जमविल्या आम्ही, सरकार खर्चाचा एक हिस्सा देते आणि तेवढ्या बळावर साऱ्या कारभारावर हुकमत गाजवू पाहते, प्रवेश कोणाला द्यावा, नोकरीवर कोणाला घ्यावे, वसतिगृहाच्या पंगतीत कोणाला बसवावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे घर त्याचाच. ही भाषा भारदस्त आहे; परंतु तिच्या मुळाशी असलेला समज इतका चुकीचा, आणि या प्रांताच्या इतिहासात इतक्या वेळा खोटा ठरलेला आहे, की त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

ज्याला हे गृहस्थ ‘सरकारचा हिस्सा’ म्हणतात तो पैसा आला कोठून? ज्याला दाराबाहेर उभे करावयाचे त्यानेही कापडावर, साबणावर, आगपेटीवर कर भरलेला असतो. तो वसूल करताना त्याची जात, धर्म वा अपंगत्व कोणी विचारीत नाही. मग त्याच तिजोरीतून उभ्या राहिलेल्या वर्गखोलीच्या दाराशी मात्र ही चौकशी कोणत्या न्यायाने व्हावी? धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने 1856 मध्ये नामंजूर केला तेव्हा, एकट्या मुलासाठी इतरांनी शाळा सोडली तर शाळाच निरुपयोगी होईल, हे कारण पुढे करण्यात आले. वरिष्ठांना हा निर्णय रुचला नाही, आणि 1858 मध्ये त्याच सरकारने ठरविले की संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, आणि अंशतः मदत घेणारी शाळा जातीमुळे कोणाला शिक्षण नाकारील तर तिची मदत बंद करण्याचा अधिकार सरकारकडे राहील. अंशतः मदतीचा प्रश्न म्हणजे आमच्या व्याख्यात्यांना काल सुचलेला नवा पेच नव्हे. त्याचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दफ्तरात नोंदले गेले आहे.

मात्र अधिकार राखून ठेवणे निराळे आणि तो वापरणे निराळे. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस झाली. स्थानिक संस्थांनी ती बासनात गुंडाळली, म्हणून बोले यांना 1926 मध्ये पुन्हा उभे राहून सांगावे लागले की जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही तिचे अनुदान रोखा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे 1924 मध्ये ठरावाने खुले केले. पण त्या पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 पर्यंत थांबावे लागले, आणि त्याच वर्षी पालिकेने आपला ठरावही मागे घेतला. पुढे विरोधकांनी न्यायालयात कोणता दावा मांडला? तळे खासगी आहे, हाच! उच्च न्यायालयात 1937 मध्ये तो टिकला नाही. आज मात्र तोच दावा स्वायत्ततेचे वस्त्र पांघरून व्यासपीठावर येतो आणि सुशिक्षित श्रोते टाळ्या वाजवितात, याची मला मनस्वी चीड येते.

लोकमत आधी तयार होऊ द्या, कायदा मागून येईल, हाही युक्तिवाद त्याच काळापासून चालत आला आहे. धारवाडच्या त्या मुलाने लोकमत तयार होईपर्यंत शाळेबाहेर बसावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आणि वाट पाहण्याचा हा उपदेश करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मुलाला कधी वाट पाहावी लागलेली नसते.

अटींच्या निमित्ताने अंमलदार जाच करतात हा मुद्दा खरा आहे, पण त्यावर इलाज अंमलदाराला शिस्त लावणे हा आहे. अशा अटींनी गुणवत्ता घसरते या आक्षेपाला उत्तर देण्याचेही कारण नाही, कारण जात वा धर्म पाहून नाकारलेल्याची गुणवत्ता कोणी तपासलेलीच नसते. अल्पसंख्याकांच्या संस्थांना घटनेने वेगळे संरक्षण दिले आहे. तो विषय स्वतंत्र आहे.

आता आमची बाजू. घटनेच्या अनुच्छेद 29 ने राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून नागरिकास प्रवेश नाकारण्याची मनाई केली आहे. तेथे मदतीचे किमान प्रमाण सांगितलेले नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. शासनाची जमीन वा अन्य सवलत घेऊन उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला हा जुलूम वाटत असेल, तर ती सवलत परत करण्याची वाट त्याला मोकळी आहे.

उणीव आहे ती अंमलबजावणीत. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 9 प्रमाणे शासनाची जमीन वा पैसा घेणाऱ्या शाळेचे, वसतिगृहाचे वा देवस्थानाचे अनुदान थांबविता येते. परंतु त्यासाठी आधी व्यवस्थापक वा विश्वस्त दोषी ठरावा लागतो, आणि ती शिक्षा अपिलात रद्द झालेली नसावी लागते. तोवर नाकारलेला विद्यार्थी शिकण्याच्या वयातून पुढे गेलेला असतो. म्हणून समानतेची अट अनुदानाच्या आदेशातच स्पष्ट लिहावी, तक्रारीची सुनावणी त्याच शैक्षणिक वर्षात पुरी करावी, आणि भेदभाव सिद्ध झाल्यास शिक्षकांच्या वेतनाला हात न लावता प्रथम वेतनेतर अनुदान रोखावे, म्हणजे व्यवस्थापनाच्या अपराधाचा भुर्दंड वर्गात शिकविणाऱ्यांवर पडणार नाही.