सोन्याच्या कणांचा हिशेब

कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेल्या चाचणीपट्ट्यांपैकी अनेकींवर जी तांबडी रेघ उमटत असे, ती सोन्याच्या कणांची होती, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल. दागिन्यातील सोने पिवळे; पण त्याचेच मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढे कण पाण्यात विखुरले, की पाणी माणकासारखे लाल दिसते. प्रकाशाच्या लहरीने धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन हिंदकळू लागतात, एका विशिष्ट कंपनसंख्येला ती हालचाल शिगेला पोचते आणि हिरवा प्रकाश तेथेच अडकतो. यालाच अनुनाद म्हणतात. या लाल द्रवाचा रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे आहे, हे मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच ओळखले होते.

या अनुनादात एक मोठे वैगुण्य आहे. धातूच्या अंगच्या विरोधामुळे प्रकाशाची ऊर्जा उष्णतेत जिरते, काही प्रकाश इतस्ततः विखुरतो, आणि कणातील आंदोलन दहाएक हेलकाव्यांत विझते. यावर उपाय सापडला तो कणांच्या मांडणीत. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळणारी मुले शेजाऱ्याच्या ठेक्यावर आपला ठेका धरतात; तसेच प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या अंतरावर कण चौकटीत बसवले, तर प्रत्येकाने बाजूला फेकलेला प्रकाश शेजाऱ्यापाशी नेमक्या ठेक्यावर पोचतो व त्याचे आंदोलन टिकवून धरतो. अनुनाद किती रेखीव आहे हे ज्या गुणांकाने मोजतात, तो एकट्या कणाचा दहाच्या आसपास असतो. ओटावा विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांच्या जाळीत तो २३४० पर्यंत नेल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. धातूतील ही तूट भरून निघणे नाही, असे मानून पुष्कळ जण तोवर इतर पदार्थांकडे वळले होते! रेखीव अनुनादाचा उपयोग उघड आहे. जाळीवर मोजके रेणू येऊन बसले तरी अनुनादाची जागा किंचित सरकते, आणि रेघ जितकी बारीक तितके ते सरकणे स्पष्ट दिसते. अशा जाळ्यांतून लेसरही साधले आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे गणित करून पाहावे. शंभर नॅनोमीटर व्यासाच्या व तीस नॅनोमीटर जाडीच्या चकत्या एकमेकींपासून पाचशे नॅनोमीटरवर मांडल्या, तर एका चौरस सेंटिमीटरात चाळीस कोटी चकत्या मावतात. पण त्यांतील सोने भरते दोन मायक्रोग्रॅमहून कमी. त्याची किंमत रुपयात नव्हे, पैशांत सांगावी लागेल. मोल आहे ते मांडणीचे, आणि ती मांडणी करणारे इलेक्ट्रॉन-झोताचे यंत्र व निर्धूळ प्रयोगशाळा यांचा खर्च कोट्यवधींत जातो.

आणि काळाचा खर्च वेगळाच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट वुड यांना १९०२ मध्ये धातूवर आखलेल्या बारीक रेघांच्या पट्टीतून मिळालेल्या वर्णपटात प्रकाश एकाएकी मावळतो व उजळतो असे आढळले. कारण त्यांना उमगले नाही. रॅले यांनी १९०७ मध्ये काही उलगडा केला, फॅनो यांनी १९४१ मध्ये पुढचा. कणांच्या जाळीतही असेच रेखीव अनुनाद मिळावेत हे भाकीत १९८० च्या दशकातले, आणि ते प्रयोगात ठळकपणे दिसले २००८ मध्ये. वुड यांच्या कोड्यावर व्याज मिळेल म्हणून कोणत्या सावकाराने शंभर वर्षे भांडवल अडकवले असते? ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो, म्हणूनच त्याचा खर्च एकटा कोणी आपखुशीने सोसत नाही.

आपल्याकडे २०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च झाला. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांची योजना आखली गेली, आणि त्यांतील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार आदींकडून येतील असे गृहीत धरले गेले. उद्योगांनी पैसा द्यावा यात गैर काही नाही. परंतु उद्योग चाचणीपट्टीसाठी पैसा देईल, वुड यांच्या कोड्यासाठी नाही. तो भाग सरकारी तिजोरीनेच उचलला पाहिजे, आणि दरवर्षी ‘उपयोग काय?’ असा दाखला न मागता उचलला पाहिजे.

यंत्रे प्रत्येक महाविद्यालयात असावीत असा आग्रह कोणी धरणार नाही. मुंबईची आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा काही ठिकाणच्या प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना वापरू देण्याची केंद्र सरकारची योजना आहे, आणि ती स्तुत्यच आहे. तथापि दारे उघडी ठेवल्याने लातूरचा किंवा गडचिरोलीचा अध्यापक तेथवर पोचतोच असे नाही. महिनाभराची कर्तव्यरजा, प्रवासखर्च आणि मागे वर्ग सांभाळणारा बदली शिक्षक, एवढी तरतूद विद्यापीठांनी व राज्य सरकारने आपल्या अंदाजपत्रकात करावी.