जारमधले पाणी आणि फ्लोराइडचा हिशेब

उन्हाळा तापू लागला की जळगाव-धुळ्याकडच्या रस्त्यांवर पाण्याचे जार वाहणाऱ्या छोट्या टेम्पोंची वर्दळ वाढते. गावोगावी आरओ केंद्रे आहेत. नाणे टाकले की वीस लिटरचा जार भरतो. हे पाणी गोड लागते आणि गोड लागते म्हणजे ते चांगलेच, असा घरोघरी समज आहे. फ्लोराइडच्या बाबतीत हा समज कामाचा नाही. पिण्याच्या पाण्यात ज्या प्रमाणात तो आढळतो, त्या प्रमाणात त्याला ना चव असते, ना रंग, ना वास. लहान मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि पुढे पिवळे-तपकिरी पट्टे दिसू लागतात तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण एकदा घडलेले दाताचे आवरण पुन्हा घडत नाही. पुढे अनेक वर्षे तेच पाणी पोटात गेले तर फ्लोराइड हाडांत साठतो, सांधे आखडतात, मान आणि कंबर वळेनाशी होते.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो 1937 मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. महाराष्ट्रात फ्लोराइड म्हटले की यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ही नावे पुढे येतात. खानदेशाचे नाव फारसे निघत नाही. मात्र गेल्या शतकाच्या अखेरीस देशातील फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांच्या ज्या याद्या झाल्या, त्यांत जळगावही आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार आणि झाबुआ लागतात. या आजाराशी हे जिल्हे कित्येक वर्षे झुंजत आहेत. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार देशभरातून तपासलेल्या नमुन्यांपैकी 9.04 टक्क्यांत फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघाला.

ही मर्यादा किती? भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा 1.5 आहे, पण तो ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असे धरलेले आहे. भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराला दोन लिटर पाणी सकाळच्या न्याहारीपर्यंतही पुरत नाही. तो सहा लिटर प्यायला, तर 'मर्यादेतल्या' पाण्यातूनही त्याच्या पोटात 9 मिलिग्रॅम फ्लोराइड गेला. दिवसाला 6 मिलिग्रॅमच्या वर हाडांना धोका वाढत असल्याचे संकेत मिळतात आणि 14 मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो, असे हीच संघटना सांगते. त्यामुळे खानदेशात 1.5 हा आकडा निर्धास्त होण्यासारखा नाही. येथे 1 हीच मर्यादा मानायला हवी.

मग हा फ्लोराइड येतो कुठून? काही खडकांतील खनिजांमध्ये तो असतोच. पाणी जितका काळ जमिनीखाली मुरून राहते, तितका तो जास्त विरघळतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधला जाऊन खाली बसतो. सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी असेल तर तो पाण्यातच राहतो. तापीच्या उत्तरेला यावल-रावेर पट्ट्यात गाळाची जाड जमीन आहे. वर्षानुवर्षे अतिउपशाच्या यादीत असलेल्या या तालुक्यांत केळीसाठी कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. विहिरीचे पाणी अलीकडच्या पावसाचे असते, शेकडो फूट खालचे पाणी मात्र फार जुने असू शकते. म्हणून शेजारच्या बोअरचा अहवाल आपल्या बोअरला लागू पडत नाही. प्रत्येक बोअर वेगळी तपासावी लागते.

फ्लोराइड काढण्याच्या पद्धती आपल्याकडे जुन्या आहेत. नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेले 'नालगोंडा तंत्र' तुरटी आणि चुन्यावर चालते. ते स्वस्त आहे, पण मात्रा रोज मोजून घालावी लागते, गाळ काढावा लागतो आणि मात्रा चुकली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरते. सक्रिय अ‍ॅल्युमिनाची गाळणी ठरावीक काळाने रसायनांनी धुऊन पुन्हा ताजी करावी लागते. पडद्याने गाळण्याची पद्धत पुढे गेली ती या कटकटींमुळे. बटण दाबले की पाणी येते.

पण सगळे पडदे सारखे नसतात. दुकानात 'यूएफ' म्हणून मिळणाऱ्या गाळणीची छिद्रे जंतू अडवण्याइतकीच बारीक असतात. फ्लोराइड त्यांतून आरपार जातो. अतिनील दिव्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसाच राहतो. कँडलच्या गाळणीनेही त्याचे काही होत नाही. पाणी उकळले तर उलट थोडे आटते आणि उरलेल्यात फ्लोराइडचे प्रमाण वाढते. आरओच्या पडद्यात मात्र पाण्याचे रेणू दाबाखाली पुढे सरकतात आणि क्षारांचे बहुतांश कण मागे राहतात. पडदा चांगल्या स्थितीत असेल तर 90 टक्क्यांहून जास्त फ्लोराइड अडतो. लिटरला 3 मिलिग्रॅम असलेले पाणी 0.3 पर्यंत येऊ शकते.

अडचण आहे ती 'पडदा चांगल्या स्थितीत असेल तर' या अटीत. खानदेशातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याचे क्षार पडद्यावर थर धरतात. ग्रामपंचायतीने टाकीत टाकलेल्या टीसीएल पावडरीतला क्लोरीन या पडद्याला कुरतडतो, म्हणून त्याआधी कार्बनची गाळणी लागते आणि तीही वेळेवर बदलावी लागते. आरओतून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे साठवणीची टाकी अस्वच्छ असेल तर तेथे जंतू पुन्हा वाढतात. पडदा झिजल्यावरही पाणी येतच राहते आणि चवही बरी लागते. केंद्रचालकाकडे टीडीएस मोजण्याचे पेनसारखे यंत्र असते. ते एकूण क्षार सांगते, त्यात फ्लोराइड किती हे सांगत नाही. टीडीएस 80 दाखवणाऱ्या पाण्यात फ्लोराइड 0.2 असेल की 1.2, हे स्वतंत्र चाचणीशिवाय कळत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हे किट नळाच्या पाण्यासाठी वापरले जाते, तसेच महिन्यातून एकदा आरओ केंद्राच्या तोटीखालीही धरायला कोणाची हरकत असू नये.

दुसरा प्रश्न मागे राहिलेल्या पाण्याचा आहे आणि त्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. समजा, दोन हजार वस्तीच्या गावात माणशी 8 लिटर शुद्ध पाणी द्यायचे आहे. म्हणजे रोज 16 हजार लिटर झाले. यंत्र निम्मे पाणी शुद्ध करून निम्मे टाकत असेल तर रोज आणखी 16 हजार लिटर गटारात जाते. मूळ पाण्यात फ्लोराइड 3 मिलिग्रॅम असेल, तर या टाकाऊ पाण्यात तो 5.7 होतो. रोजचा सुमारे 91 ग्रॅम फ्लोराइड केंद्रामागच्या खड्ड्यात मुरतो आणि त्याच जमिनीत झिरपतो. तेथून शंभर फुटांवर बोअर असेल, तर ही गंमत महागात पडते. घरगुती यंत्रे तर अनेकदा एका लिटरमागे तीन लिटर पाणी टाकून देतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये यावर बोट ठेवले होते. टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तेथे आरओ नको आणि जेथे आरओ असेल तेथे किमान 60 टक्के पाणी हाती लागावे, असे त्या आदेशात होते.

नॅनो गाळणीचा पडदा या दोन टोकांच्या मधला आहे. त्याची छिद्रे आरओपेक्षा किंचित मोठी असतात, दाब कमी लागतो, वीज कमी खर्च होते आणि कमी पाणी टाकावे लागते. फ्लोराइडचा कण लहान असला तरी तो आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट बांधून चालतो, त्यामुळे क्लोराइडपेक्षा तो या पडद्यात जास्त अडतो. काही क्षार पाण्यात राहतात, ते बरेच आहे. मात्र मूळ पाण्यात फ्लोराइड फार असेल तर ही गाळणी पुरत नाही. गावच्या केंद्रावर कोणता पडदा बसवायचा, हे आधी पाणी तपासून ठरायला हवे. आज ते बहुधा विक्रेत्याकडे काय शिल्लक आहे यावर ठरते.

पाणी शुद्ध झाले तरी घरातला हिशेब पूर्ण होत नाही. जारचे पाणी प्यायला आणि बोअरचे पाणी स्वयंपाकाला, ही बहुतेक घरांची वाटणी आहे. वरणाची डाळ, भात, भाकरीचे पीठ, दिवसातून तीनदा होणारा चहा, सगळे बोअरच्या पाण्यात. चहाच्या पानांत मुळातच फ्लोराइड असतो, तो वेगळा. सामूहिक शुद्धीकरण केंद्रातून माणशी 8 ते 10 लिटर पाणी द्यावे असे जलजीवन मिशनचे मार्गदर्शन आहे, आणि त्यात स्वयंपाक धरलेला आहे. वीस लिटरचा एक जार पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने फार तर निम्म्या गरजेला पुरतो. जेवणात दूध, नाचणी, पालेभाज्या असतील तर कॅल्शियममुळे फ्लोराइड अंगात कमी मुरतो. ज्या घरात ते परवडत नाही, तेथे तेच पाणी जास्त घातक ठरते.

खरा उपाय नदी-धरणाचे पाणी आहे, कारण त्यात फ्लोराइड सहसा कमी असतो. खानदेशाला वाघूर, गिरणा, हतनूर, अक्कलपाडा या धरणांचे पाणी आहे, तापी आहे. जलजीवन मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढली आहे आणि नळ बऱ्याच घरांपर्यंत पोहोचले आहेत. पण धरणाचा साठा खाली गेला की नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते आणि मधल्या काळात ग्रामपंचायत जुनी बोअर सुरू करते. लोक सर्वात जास्त पाणी पितात ते नेमके याच दोन महिन्यांत. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते. ती पावसाळ्यानंतर नळाच्या पाण्याची झाली, तर अहवाल चांगला येतो आणि मे महिन्यात चालू होणारी बोअर कागदावर कुठेच नसते. त्या बोअरचा नमुना मार्चअखेरीस प्रयोगशाळेत गेला, तर टँकर लावायचा की पडदा बसवायचा हे ठरवायला हातात महिनाभर तरी राहील.