प्रदर्शनात पीक दिसते, सातबारा दिसत नाही

सिंधुदुर्गात कृषी प्रदर्शन भरले की मंडपात देवगड हापूसच्या पेट्या असतात, वेंगुर्ल्याच्या काजूची कलमे असतात, कोकम सरबत असते, पॉवर टिलर असतो. मंत्री फीत कापतात, 'प्रगतिशील शेतकऱ्यां'चे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात. आपल्या बौद्धवाडीतली माणसेही तिथे असतात. कुणी मंडपाचे खांब पुरलेले असतात, कुणी सत्कारमूर्तीच्या बागेत मजुरीने आंबा उतरवलेला असतो. स्टॉल मात्र त्यांचा नसतो. हे असे का, याचे उत्तर शोधायचे तर या देशातल्या सर्वात मोठ्या कृषी प्रदर्शनाकडे जावे लागते.

११ डिसेंबर १९५९ रोजी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन सुरू झाले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्यासाठी हजर होते. अमेरिकेपासून सोव्हिएत रशियापर्यंत अनेक देशांनी आपापली दालने उभारली होती. प्रदर्शन भरवले होते भारत कृषक समाजाने, आणि त्यामागचा माणूस आपल्या महाराष्ट्राचा, वऱ्हाडचा. ते म्हणजे तेव्हाचे केंद्रीय मंत्री डॉ. पंजाबराव देशमुख. १९५५ साली त्यांनीच कृषक समाजाची स्थापना केली होती.

पंजाबरावांबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो असायलाच हवा. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली जी चळवळ उभी राहिली, तिच्यात हा माणूस आपल्या बाजूने उभा होता. बहुजनांच्या पोरांसाठी त्यांनी शाळा-महाविद्यालये काढली. शेतकऱ्याने जग पाहावे, नवे बियाणे, नवी अवजारे पाहावीत, ही त्यांची तळमळ खरी होती. म्हणून प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. शेती म्हणजे कोणाची शेती, हा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या दालनाचे घोषवाक्य चार शब्दांचे होते: अन्न, कुटुंब, मैत्री, स्वातंत्र्य. पाचवा शब्द त्यात नव्हता. तो शब्द म्हणजे जमीन. देश त्या वेळी पीएल-४८० खाली अमेरिकेचा गहू आणत होता, त्यामुळे उत्पादन वाढवणे ही निकड होतीच. पण ज्याच्याकडे वाफ्याएवढीही जमीन नाही, त्याने ट्रॅक्टर पाहून करायचे काय?

हाच प्रश्न त्याच १९५९ साली महाराष्ट्रात रस्त्यावर आला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. माणसे पडीक जमिनीची मागणी करत होती आणि त्यासाठी तुरुंगात जात होती. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून हा लढा देशभर पेटला आणि लाखोंनी अटक करून घेतली. एकाच सालात दिल्लीत शेतीचा मेळा आणि महाराष्ट्रात शेतमजुरांना तुरुंग! इतिहासाच्या पुस्तकात पहिली घटना 'कृषी विकास' म्हणून नोंदवली जाते, दुसरी 'दलित आंदोलन' म्हणून. मित्रांनो, ही नोंदच चुकीची आहे. दोन्ही घटना शेतीच्याच इतिहासातल्या आहेत.

बाबासाहेबांनी हे कधीच वेगळे केले नव्हते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर भार झालेल्या माणसांना उद्योगात काम दिल्याशिवाय शेती सुधारणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते आपल्या कोकणाचे विधेयक होते. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कुणबीही होते, महारही होते. खोताच्या पायाखाली दोघेही होते, म्हणून दोघे एकत्र आले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग करा आणि जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्या, अशी मांडणी केली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीनही नको.

यावर नेहमीचे उत्तर येते: 'खोती गेली, कूळकायदा आला, आता रडगाणे कशाला?' कूळकायद्याने जमीन दिली ती ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्याला. जो नुसता राबत होता, ज्याचे नाव कागदावर कुठेच नव्हते, त्याला काय मिळाले? महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले. वतनाच्या जमिनी परत मिळवायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली, आणि मिळाल्या त्या नव्या शर्तीवर. मुंबईच्या गिरणीत पोट भरणाऱ्या चाकरमान्याला ती मुदत, ती रक्कम, तो फेरफार कोण सांगणार होते?

आजचे आकडे पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, तर अनुसूचित जातींच्या खातेदारांचे सरासरी ०.७८ हेक्टर आहे. आणि हे फक्त ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचे गणित. भूमिहीन त्यात मोजलेलेच नाहीत.

योजना आहेत, नाही असे नाही. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून नवी विहीर हवी तर आधी नावावर ०.४० हेक्टर जमीन हवी. कोकणात एका सातबाऱ्यावर डझनभर वारसांची नावे असतात. अर्जदाराच्या वाट्याला येतात काही गुंठे आणि बाकीच्यांची संमतिपत्रे गोळा करता करता मुदत संपते. भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे: चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण जिथे रिसॉर्टवाले गुंठ्याच्या भावाने जमीन घेतात, त्या मालवणच्या किनाऱ्यावर सरकारी दराने एकरभर जमीन विकायला कोण पुढे येणार? योजनेला नाव दादासाहेबांचे आहे, पण त्यांची मागणी गावातल्या पडीक सरकारी जमिनीची होती, बाजारातून विकत घेण्याची नव्हती.

मग प्रदर्शनांवर बहिष्कार घालायचा का? मुळीच नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींनी जिल्ह्यातल्या अनेक घरांना पैसा दिला आहे. ते ज्ञान आपल्या करांतूनही उभे राहिले आहे, ते आपल्याला हवेच आहे. आपण प्रदर्शनात जायचे, पण प्रश्न घेऊन जायचे. तिथे महसूल खात्याचा स्टॉल का नाही? वतन जमिनींच्या नोंदी तपासून देणारा तलाठी तिथे का बसत नाही? तालुक्यातली पडीक सरकारी जमीन किती आणि ती कोणाला दिली, याचा फलक का लागत नाही? सत्कार बागायतदाराचा होतो, तर वीस वर्षे कलमे बांधणाऱ्या मजुराचा का होत नाही?

आणि घरचे काम आपणच करायचे आहे. या मे महिन्यात गावी गेलात की आपल्या वाडीचे सातबारे आणि आठ-अ काढा. आजोबा-पणजोबांच्या नावाचे जुने फेरफार मागा, ते देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. वारसनोंदी करून घ्या आणि त्यात बहिणींची नावे गाळू नका. जयंतीच्या वर्गणीतून वाडीतल्या एका पोराला जमिनीचे कायदे शिकवा. ज्याला कागद वाचता येतो, त्याला मंडपात खांब पुरायला बोलावताना माणसे दोनदा विचार करतात.

जय भीम!