गुण कळले, शेरा राहिला

शासकीय नोकरीत जवळजवळ तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘शेरा’ या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. नस्तीच्या समासात वरिष्ठांनी लिहिलेले ‘चर्चा करावी’ हे दोन शब्द टिप्पणी लिहिणाऱ्याची झोप उडवू शकतात, कारण चर्चा कशाची आणि चूक कुठे, हे त्यात लिहिलेले नसते. असे शेरे मी नोकरीच्या सुरुवातीला सोसले आणि पुढे स्वतःही लिहिले. परंतु हीच सवय मी शिकणाऱ्यांच्या उत्तरांवरही चालवतो आहे, हे माझ्या बरेच उशिरा लक्षात आले. त्याची ही हकीकत आणि तिच्यातून सुचलेले काही विचार.

2021 च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका संस्थेच्या ऑनलाइन अर्थशास्त्र अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक हवे होते. विभागाची रीतसर परवानगी घेऊन, मानधन न घेता, मी हे काम स्वीकारले. भिलाईच्या नेहरू नगरातील माझ्या घरी रात्री जेवणे उरकली की संगणक सुरू करायचा आणि मराठीतून आलेले स्वाध्याय तपासायचे, असा क्रम ठरला. विद्यार्थी चौसष्ट होते. बहुतेक विदर्भातले आणि नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणारे. त्यांत गोंदिया जिल्ह्यातील सालेकशाकडच्या एक अंगणवाडी सेविका होत्या. सालेकसा आमच्याच रेल्वेमार्गावर, त्यामुळे त्यांचे नाव माझ्या लक्षात राहिले.

प्रश्न साधा होता. कांद्याचा भाव वाढल्यास मागणीवर काय परिणाम होईल, ते आकृतीसह स्पष्ट करा. बाईंनी लिहिले होते : भाव वाढला म्हणून मागणी कमी झाली, मागणी कमी झाली म्हणून भाव पुन्हा उतरला. आकृतीत त्यांनी मूळ मागणी वक्राच्या डावीकडे दुसरा वक्र काढला होता. मी वीसपैकी नऊ गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘अधिक स्पष्टता हवी.’ त्यांनी उत्तर पुन्हा लिहून पाठवले. या वेळी तीन पाने होती, चूक मात्र तीच. मी पुन्हा नऊ गुण दिले आणि तोच शेरा लिहिला. त्यावर त्यांचा चार ओळींचा निरोप आला. त्याचा आशय असा : सर, पहिल्यापेक्षा दुप्पट लिहिले आहे, आकृतीही मोठी काढली आहे, स्पष्टता म्हणजे अजून किती लिहायचे?

त्या प्रश्नाने मी खजील झालो. माझ्या मनातली ‘स्पष्टता’ आणि त्यांना कळलेली ‘स्पष्टता’ यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. दिवसभर अंगणवाडी सांभाळून, रात्री मुले निजल्यावर त्यांनी तीन पाने लिहिली होती, आणि ती मेहनत माझ्या तीन शब्दांनी वाया घालवली होती. मग मी प्रथमच त्यांचे उत्तर ओळीओळीने वाचले आणि लिहिले :

‘ताई, तुमचे पहिले वाक्य बरोबर आहे. भाव वाढला की लोक कांदा कमी घेतात. हा मागणीचा संकोच. यात वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर वर सरकतो. दुसऱ्या वाक्यात आणि आकृतीत मात्र तुम्ही सबंध वक्र डावीकडे नेला. तो मागणीतील ऱ्हास. भाव तोच असतानाही लोक कमी घेऊ लागले, तरच असे होते. उदाहरणार्थ, लोकांचे उत्पन्न घटले तर. आता या प्रश्नात भावाखेरीज दुसरे काही बदलले आहे का, एवढेच पाहा आणि फक्त आकृती पुन्हा काढा.’

दोन दिवसांनी आकृती आली, ती अचूक होती. पुढच्या स्वाध्यायात त्यांनी नवी चूक केली, आणि मला आनंद झाला. जुन्या चुकीतून सुटलेला माणूसच नवी चूक करू शकतो. पण त्याच रात्री मी जुने शेरे उघडून पाहिले. ‘अधिक स्पष्टता हवी’ हे शब्द आणखी चौघांच्या उत्तरांवर होते. त्यांतील दोघांनी पुढचे स्वाध्याय पाठवलेच नव्हते. कारण माझा शेरा होता की घरची अडचण, हे मी कधी विचारलेही नव्हते.

वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो. भुवई उंचावली, लेखणी थांबली, की तो वाक्य बदलतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात ही सोय नाही. तेथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला जो काही खाजगी संवाद उरतो, तो म्हणजे शेरा. तो पोकळ निघाला तर विद्यार्थी चित्रफितीसमोर एकटाच उरतो.

या विषयावर संशोधनही भरपूर झाले आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला 1988 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, आणि काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांची गत केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसले की नजर तिथेच थांबते. क्लुगर आणि डिनिसी यांनी 1996 साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरल्याचे आढळले. म्हणजे कोणताही शेरा हा शेरा नसण्यापेक्षा बरा, हा समज खरा नाही. हॅटी आणि टिंपर्ली यांनी 2007 साली चांगल्या अभिप्रायाची कसोटी तीन प्रश्नांत मांडली : कुठे पोहोचायचे आहे, आत्ता कुठे आहे, आणि पुढचे पाऊल कोणते? माझ्या ‘अधिक स्पष्टता हवी’मध्ये यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

प्रशासनाला हा धडा न्यायालयाकडून शिकावा लागला, हे येथे सांगितले पाहिजे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वार्षिक अहवाल पूर्वी गोपनीय असत आणि केवळ प्रतिकूल नोंदीच कळवल्या जात. सीमा रस्ते सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याला ‘चांगला’ अशी नोंद मिळाली. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवे होते. नोंद प्रतिकूल नाही म्हणून ती कळवली नाही, आणि तीमुळेच पदोन्नती हुकली. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2008 मध्ये निर्णय दिला की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय माणूस सुधारणा करू शकत नाही. त्यानंतर 2009 साली केंद्राने संपूर्ण अहवाल कळवण्याचे आदेश काढले. जे कर्मचाऱ्याला लागू, ते विद्यार्थ्याला का नसावे? ‘वीसपैकी नऊ’ ही त्याला कळवलेली नोंद झाली, तिच्यामागचे कारण गोपनीयच राहिले.

दुसरा मुद्दा वेळेचा. आम्हा भिलाईकरांना तो पोलाद कारखान्यामुळे लवकर समजतो. वितळलेल्या पोलादाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कार्बन किती, मँगॅनीज किती याचा अहवाल तातडीने परत येतो आणि पोलाद ओतण्यापूर्वी दुरुस्ती होते. ओतून झाल्यावर आलेला अहवाल अचूक असला तरी त्या पोलादाच्या उपयोगाचा नसतो. तिसरा स्वाध्याय पाठवून झाल्यावर पहिल्याचा शेरा हाती येणे, हे त्यातलेच.

आता खर्चाकडे वळू. एका उत्तराला तीन मिनिटे दिली तर चौसष्ट उत्तरे सुमारे तीन तासांत संपतात. दहा मिनिटे दिली तर साडेदहा तासांहून अधिक लागतात. हा फरक कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मार्गदर्शक सात मिनिटे वाचवतो आणि त्याची किंमत विद्यार्थी काही रात्री जागून मोजतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. एकाच्या बचतीचा भार दुसऱ्यावर पडतो आणि हिशेबात तो कुणाच्याच नावे लागत नाही.

दूरशिक्षणाच्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होते. 1971 पासून विद्यार्थी घेऊ लागलेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने मार्गदर्शकाच्या लेखी शेऱ्यांना अध्यापनच मानले आणि त्या शेऱ्यांचीही नमुना तपासणी ठेवली. आपल्याकडे 1985 साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, तेही टपाल आणि अभ्यास केंद्रांच्या काळात. पुढे 2017 च्या जुलैत ‘स्वयम्’ हे केंद्रीय व्यासपीठ आले आणि हजारोंना एकाच वेळी शिकणे शक्य झाले. ही उपलब्धी मोठी आहे. मात्र इतक्या संख्येत बराचसा गृहपाठ यंत्रानेच तपासावा लागतो. यंत्र ‘चूक’ म्हणते, आणि ‘का’ हे कुणी आधी लिहून ठेवले असेल तरच सांगते.

आमच्या छत्तीसगडचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, राज्याने ‘पढई तुंहर दुआर’ म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. वहीतल्या गृहपाठाचे छायाचित्र पाठवून शिक्षकाकडून तपासून घेण्याची सोय त्यात होती, हे मला विशेष वाटते. जेथे मोबाइलचे जाळे पोहोचत नव्हते, तेथे शिक्षकांनी वस्तीत जाऊन ‘मोहल्ला वर्ग’ भरवले. मुलाची वही कुणीतरी पाहिली पाहिजे, ही गरज त्या वर्गांनी ओळखली होती.

मग करावे काय? मला सुचलेले उपाय साधे आहेत.

1) प्रत्येक मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत, याची कमाल मर्यादा नियमातच असावी.

2) शेरा पुढच्या स्वाध्यायाच्या मुदतीआधी किमान सात दिवस मिळावा. उशिराचा शेरा न दिल्यासारखा धरावा.

3) आधी शेरा दाखवावा, गुण दोन दिवसांनी. विद्यार्थ्याला एकदा सुधारून पाठवण्याची मुभा असावी.

4) पहिली वीस उत्तरे वाचून समान चुकांचे एक सामूहिक टिपण सर्वांना पाठवावे आणि मग प्रत्येकाला त्याच्यापुरत्या दोन-तीन ओळी लिहाव्यात. मी पुढे हेच केले. टिपणाला एक तास आणि प्रत्येकी पाच मिनिटे धरून काम सुमारे साडेसहा तासांत होते.

5) बहुपर्यायी प्रश्नांत प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचे कारण प्रश्न रचतानाच लिहावे.

6) संस्थेने गुणांबरोबर शेऱ्यांचीही नमुना तपासणी करावी आणि मानधन ठरवताना हा वेळ मोजावा.

आता शेरे लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिचा मसुदा म्हणून वापर करण्यास माझी हरकत नाही. लिपिकाने तयार केलेल्या मसुद्यावर आम्ही सही करतोच, पण वाचून करतो, आणि जबाबदारी सही करणाऱ्याची राहते. येथेही तोच नियम हवा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय आणखी जवळचा आहे. आपली मुले, नातवंडे रविवारी पडद्यासमोर बसून मराठी शिकतात आणि आपल्यातलेच कुणी हौसेने शिकवतात. ‘माझी आजोबा’ असे लिहिणाऱ्या मुलाला ‘छान!’ म्हटले की त्याला बरे वाटते, पण ते तसेच लिहीत राहते. ‘आजोबा हसले म्हणतोस ना, मग माझे आजोबा’ एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते.

तो अभ्यासक्रम संपला तेव्हा संस्थेच्या अहवालात किती जणांनी नोंदणी केली आणि किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली, हे आकडे होते. किती जणांना आपली चूक नेमकी कळली, याचा रकाना नव्हता. तो रकाना कधी येईल ते येवो. तोवर आपल्यापुढे आलेल्या उत्तरावर शेरा लिहिताना एकदा स्वतःला विचारावे की हे वाचून समोरचा उद्या नेमके काय वेगळे करील? उत्तर सापडत नसेल, तर तो शेरा पाठवू नये. पुन्हा एकदा उत्तर वाचावे.