पोरांचा खर्च कोणत्या खात्यावर?



बियाणे, खते, मजुरी यांचा जमाखर्च ठेवा, असे आम्ही तुम्हांला नेहमी सांगतो. पण एक खर्च उधारीच्या वहीत लिहू नये. तो म्हणजे मुलांच्या संगोपनाचा. "खाऊ घातले, शिकविले, आता फेड," हे वाक्य घरोघर ऐकू येते. हे देणे खरोखर मुलाचे आहे काय?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ साली या प्रश्नाचा विचार केला. त्याचे म्हणणे असे : मूल आपल्या मर्जीने जन्मास येत नाही, आईबाप त्याला न विचारता जगात आणतात. म्हणून त्याला येथे समाधानाने जगता यावे, ही जबाबदारी त्यांचीच. मूल ही त्यांची मालमत्ता नव्हे आणि वाढविण्याचा खर्च कर्ज म्हणून वसूल करता येत नाही. मुलाने कृतज्ञ असावे. पण ते नीतीचे बंधन, वसुलीचे नव्हे.

हे परके वाटायला नको. आपल्याकडेही पितृऋण सांगितले आहे. ते फिटते कशाने? संततीने. म्हणजे मागच्या पिढीकडून घेतले ते पुढच्या पिढीला द्यायचे. पाटाचे पाणी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात जाते, तसेच हे आहे.

"मग म्हातारपणी आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहावे?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. मुलांनी आईवडिलांना सांभाळावे, असा कायदा २००७ साली झाला. पण तो कशासाठी? ज्यांचा निर्वाह स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून होत नाही, त्यांच्यासाठी. तेथे गरज पाहतात. बालपणीच्या खर्चाची पावती कोणी मागत नाही.

उलट २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देणे, हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. २००५ सालापासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तो देताना आपण उपकार करीत नाही.

तेव्हा कापूस वेचणीला माणसे मिळत नाहीत, म्हणून थोरलीला शाळेतून काढण्याचा विचार मनात आला, तर थोडे थांबा. मजुरीला चार पैसे जादा जातील, ते सोसावे लागतील. पण बुडालेले वर्ष तिचे असते, आपले नव्हे.