उघडलेली कुपी आणि चार तास

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. प्राथमिक चौकशीत ठपका लसीवर नव्हे, तर ती हाताळण्यातील निष्काळजीपणावर आला. परभणी जिल्ह्यानेही यातून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अनेक मात्रांच्या सर्व कुप्यांना एकच नियम लागू नाही. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये नीट ठेवल्यास २८ दिवस चालते. गोवर-रुबेलाच्या लसीत मात्र जंतुरोधक द्रव्य नसते. भुकटीत द्रावण मिसळल्यावर ४ तासांत, किंवा त्याआधी सत्र संपल्यास तेव्हाच, ती टाकून द्यावी लागते. अन्यथा तीत वाढणारे जंतू प्राणघातक विष निर्माण करू शकतात.

नियम पाठ करून घेणे सोपे आहे. परंतु जिंतूर तालुक्यातील एखाद्या तांड्यावर दोनच बालके आली, तर उरलेल्या मात्रा टाकताना ‘वाया का घालविल्या?’ या प्रश्नाचे भय परिचारिकेस वाटणारच. म्हणून प्रशिक्षणात तिने कुपीवर वेळ लिहिण्यास शिकावे, आणि नियमाने टाकलेली मात्रा हा अपराध नव्हे, हे तिच्या वरिष्ठांनी शिकावे. आपणही ठरल्या दिवशी बालकांस वेळेवर न्यावे. म्हणजे उघडलेली कुपी सत्कारणी लागेल.